गल्ला भरलेला, खिसा रिकामा का?

छोट्या व्यावसायिकांनी आकड्यांकडून काय शिकावे

भविष्यनिर्वाह निधीचे पैसे, घरातले मोडलेले दागिने आणि बचत गटाचे थोडे कर्ज, एवढ्या भांडवलावर आपल्या वस्त्यांतून दरवर्षी कितीतरी दुकाने, टपऱ्या आणि हातगाड्या उभ्या राहतात. फीत कापली जाते, पेढे वाटले जातात, पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकांची गर्दीही होते. आणि दीड-दोन वर्षांनी पाहावे तर शटर खाली ओढलेले असते. चौकशी केली तर एकच उत्तर मिळते : "धंदा चालत होता हो, पण पैसा कुठे जात होता तेच कळले नाही."

या उत्तरातच दुखणे आहे. कोणी म्हणतो जागा लाभली नाही, कोणी म्हणतो नजर लागली. मग दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची टांगली जाते. कार्यकारणभाव मानणाऱ्यांनी तरी या वाटेने जाऊ नये. दुकान बुडते त्याला कारण असते, ते कारण बहुतेक वेळा आकड्यांत असते, आणि आकडे मांडले तर ते सापडते. बुडालेली रक्कम ही कुणाच्या तीस वर्षांच्या नोकरीची पुंजी असते, कुणाच्या मुलीच्या शिक्षणाचा पैसा असतो. म्हणून हा विषय घरातल्या सर्वांनी बसून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

शब्द मोठा, काम साधे

मोठ्या कंपन्यांमध्ये यालाच 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' म्हणतात. मराठीत व्यवसाय-विश्लेषण म्हणू. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. रोजच्या व्यवहाराची नोंद ठेवायची, नोंदींची तुलना करायची आणि त्यावरून पुढचा निर्णय घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. या शास्त्रात चार प्रश्न विचारतात. काय झाले? का झाले? पुढे काय होण्याचा संभव आहे? मग आपण काय करावे? गेल्या महिन्यात विक्री घटली, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. शाळेला सुट्टी लागल्यामुळे घटली, हे दुसऱ्याचे. पुढच्या मे महिन्यातही घटेल, हे तिसऱ्याचे. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून वह्या-पेनांची खरेदी थांबवावी आणि त्या पैशात सरबताच्या बाटल्या भराव्यात, हे चौथ्याचे. हे समजायला पदवी लागत नाही. वही लागते आणि चिकाटी लागते.

ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या चोपडी होती, त्यांच्या मुलांना हे जेवता जेवता कानावर पडते. आपल्या समाजाला शतकानुशतके बाजारपेठेबाहेर ठेवले गेले. आपल्याकडे धंद्यात उतरलेली ही बहुतेक ठिकाणी पहिली नाही तर दुसरी पिढी आहे. जे वारशाने मिळाले नाही ते अभ्यासाने मिळवणे, हा तर आपला नेहमीचा मार्ग. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्या शेतावर भांडवल, अवजारे, बैल आणि माणसांचे श्रम किती लागतात त्याच्या प्रमाणात ते पाहिले पाहिजे, असे त्यांनी त्यात दाखवले. दुकानालाही हाच न्याय लावता येतो. गाळा दहा बाय दहाचा की वीस बाय वीसचा, हा खरा प्रश्न नव्हे. त्यात गुंतवलेला रुपया आणि घातलेला तास काय परत आणतो, हा खरा प्रश्न होय.

टोकियोतील एका छोट्या दुकानाची गोष्ट

हे शास्त्र फक्त मोठ्यांचे नाही, याचे चांगले उदाहरण जपानमध्ये आहे. १९७४ च्या मे महिन्यात टोकियो शहरातील टोयोसू भागात सेव्हन-इलेव्हन या साखळीचे जपानमधील पहिले दुकान सुरू झाले. ते मुळात एका कुटुंबाचे छोटे मद्यविक्रीचे दुकान होते. अडचण लगेच पुढे आली. घाऊक व्यापारी मोठ्या पेट्यांनीच माल देत. खपणारा माल संपून जाई, न खपणारा पडून राही, आणि साठवायला जागा पुरेना. आपल्याकडच्या किराणा दुकानदाराची अडचण याहून वेगळी नाही.

मग एकेका वस्तूची विक्री तपासण्यात आली. कोणती वस्तू किती दिवसांत संपते हे पाहून थोडा थोडा माल अनेक खेपांनी मागवण्याची पद्धत बसवली गेली. या साखळीची धुरा वाहणारे तोशिफुमी सुझुकी यांनी या पद्धतीवर फार भर दिला. जपानी भाषेत तिला 'तानपिन कानरी' म्हणतात, म्हणजे एकेका वस्तूचे व्यवस्थापन. १९८२ पासून त्यांनी दुकानांत विक्रीची नोंद आपोआप घेणारी यंत्रे बसवली. पण यंत्राने निर्णय घ्यायचा नाही, हे तत्त्व ठेवले. माल मागवणाऱ्या कामगाराने उद्याचे हवामान, शेजारच्या शाळेचा कार्यक्रम, सुट्टीचा दिवस यांचा विचार करून अंदाज बांधायचा, तेवढाच माल मागवायचा आणि दुसऱ्या दिवशी विक्रीच्या आकड्यांवरून आपला अंदाज बरोबर होता का ते तपासायचे. अंदाज, पडताळणी, पुन्हा अंदाज. काउंटरवरचा साधा कामगार हे करू शकतो, तर आपला दहावी-बारावी झालेला मुलगा का करू शकणार नाही?

गल्ला म्हणजे नफा नव्हे

आता आपल्याकडे येऊ. सर्वांत मोठा गैरसमज गल्ल्याबद्दल असतो. संध्याकाळी गल्ल्यात चार हजार दिसले की चार हजार कमावले असे वाटते. समजा, नवरा-बायको मिळून वडापाव आणि पोह्यांची गाडी चालवतात. रोजची विक्री ४,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस. महिन्याची विक्री १,०४,००० रुपये. ऐकायला किती छान वाटते! आता खर्च मांडू.

बटाटे, बेसन, तेल, पाव, पोहे इत्यादी कच्चा माल रोज २,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ५७,२००. गॅस, कागदी प्लेटा रोज ३५०, म्हणजे ९,१००. हाताखालच्या पोऱ्याला रोज ५००, म्हणजे १३,०००. जागेचे भाडे ६,०००. दिवाबत्ती, पाणी, किरकोळ १,७००. एकूण खर्च ८७,००० रुपये. हाती उरले १७,०००.

अजून हिशेब संपलेला नाही. दोघे पहाटे चारला उठून राबतात. हीच मेहनत दोघांनी दुसरीकडे रोज ४०० रुपयांनी केली असती, तर महिन्याला २०,८०० रुपये मिळाले असते. म्हणजे घरच्यांची मजुरी धरली तर ही गाडी महिन्याला ३,८०० रुपये तोट्यात आहे. घरातल्या बाईचे श्रम वहीत कधीच लिहिले जात नाहीत, म्हणून तोटा दिसत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की, धंद्याच्या वहीत गृहिणीच्या श्रमाचा स्वतंत्र रकाना असलाच पाहिजे.

मग गाडी बंद करावी काय? मुळीच नाही. आता खरा उपयोग सुरू होतो. वरच्या खर्चाचे दोन भाग पडतात. कच्चा माल, गॅस आणि प्लेटा विक्रीबरोबर वाढतात. शंभर रुपयांच्या विक्रीमागे ते पावणेचौसष्ट रुपये खातात आणि सव्वाछत्तीस रुपये सोडतात. पोऱ्याची मजुरी, भाडे आणि किरकोळ मिळून २०,७०० रुपये मात्र विक्री होवो न होवो, द्यावेच लागतात. तेवढे भरून निघायला रोज सुमारे २,२०० रुपयांची विक्री हवी. घरच्या दोघांची मजुरीही सुटायची तर रोज सुमारे ४,४०० रुपयांची हवी. म्हणजे फरक रोजच्या चारशे रुपयांचा आहे! चारशे रुपये म्हणजे किती प्लेटा, त्या सकाळी आठ ते नऊच्या गर्दीत निघतील की संध्याकाळी चहा ठेवून, यावर दोघांनी बसून विचार करता येतो. 'धंद्यात काही राम नाही' असे म्हणून हातपाय गाळणे वेगळे, आणि 'आपल्याला रोज चारशेची विक्री वाढवायची आहे' हे कळणे वेगळे.

शिलाईकाम करणाऱ्या भगिनींनी हाच हिशेब तासांवर करावा. समजा, साध्या ब्लाउजची शिलाई २०० रुपये, दोरा-हुक २० रुपये, वेळ दोन तास. तासाला ९० रुपये सुटले. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ३५०, अस्तर-दोरा-हुक ७०, वेळ चार तास. तासाला ७० रुपयेच सुटले. जास्त पैशाचे काम कमी मजुरीचे निघाले. तेव्हा अस्तराच्या ब्लाउजचा भाव वाढवायचा, की लग्नसराईत साधेच जास्त घ्यायचे, हे घड्याळ समोर ठेवल्याशिवाय ठरत नाही.

कोणता माल घर चालवतो?

इटलीचे अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पारेटो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपत्तीच्या वाटणीचा अभ्यास केला. मूठभरांच्या हाती बहुतांश संपत्ती असते, असे त्यांना दिसले. पुढे व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी हाच नियम मालाला लावला. दुकानातल्या थोड्याच वस्तू बहुतांश विक्री देतात. सगळीकडे ऐंशी-वीस असेच प्रमाण असेल असे नाही, पण आपल्या दुकानात ते काय आहे हे मोजून पाहावे. महिनाभर वस्तुवार विक्री लिहावी, सर्वांत जास्त पैसा देणारी वस्तू वर आणि सर्वांत कमी देणारी खाली, अशी यादी करावी. वरच्या वस्तू एक दिवसही संपू देऊ नयेत. मधल्यांवर आठवड्याला नजर ठेवावी. तळाच्या वस्तूंत पैसा अडकवू नये.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जास्त टक्के नफ्याची वस्तू जास्त पैसा देते असे नाही. समजा, गोडेतेलात १०,००० रुपये घातले, नफा शेकडा ४, पण माल दहा दिवसांत संपतो. महिन्यातून तीन वेळा पैसा फिरला, नफा १,२०० रुपये. तेच १०,००० रुपये शोभेच्या वस्तूंत घातले, नफा शेकडा २०, पण माल खपायला सहा महिने लागले. नफा २,००० झाला, पण महिन्याला पडले ३३३ रुपयेच. पैसा फिरतो किती वेळा, हे टक्क्यांइतकेच महत्त्वाचे.

सूट देतानाही हिशेब हवा. ८० रुपयांना आणलेली वस्तू १०० ला विकली तर 'शेकडा २५ नफा' असे म्हणतात. ते खरेदीवर खरे आहे, पण विक्रीच्या शंभर रुपयांतले आपले फक्त वीस आहेत. कुणी सणाला 'शेकडा २५ सूट' अशी पाटी लावली तर प्रत्येक नगामागे पाच रुपये खिशातून जातील. आणि नुसती दहा रुपये सूट दिली तरी नफा निम्म्यावर येतो, म्हणजे पूर्वीइतकेच पैसे मिळवायला दुप्पट माल विकावा लागतो. दुप्पट खपेल काय, हे पाटी रंगवण्यापूर्वी विचारावे.

उधारीचे वय

उधारी हा नाजूक विषय. गिऱ्हाईक म्हणजे शेजारी, भावकी, विहारात रोज भेटणारी माणसे. उधारी बंदच करा असा सल्ला देणाऱ्याने वस्ती पाहिलेली नसते. पण उधारीचे वय मोजता येते. एका पानावर चार रकाने करावेत : पंधरा दिवसांची, महिन्याची, दोन महिन्यांची आणि तीन महिन्यांवरची. दर महिन्याला प्रत्येक रकान्याची बेरीज करावी. पहिले दोन रकाने मोठे असतील तर चिंता नाही, लोक पगार झाला की देतात. चौथा रकाना फुगत असेल तर दुकानाला आतून वाळवी लागली आहे असे समजावे.

२,००० रुपयांची उधारी बुडाली तर किती गेले? शेकडा वीस विक्रीवर नफा धरला तरी आपला १,६०० रुपयांचा माल गेला. तो भरून काढायला आणखी ८,००० रुपयांची विक्री करावी लागते, तीही फुकटात. हा आकडा समोर असला की 'नाही' म्हणायला बळ येते. शिवाय वही पाहिली की कळते, कोण नेहमी सात-आठ तारखेला चुकते करतो आणि कोण टाळतो. पहिल्याला मर्यादा वाढवून द्यावी, दुसऱ्याला मागचे दिल्याशिवाय पुढचे देऊ नये. तोंड पाहून नव्हे, नोंद पाहून ठरवले तर कुणाचा अपमानही होत नाही.

याच ठिकाणी रोजच्या वसुलीच्या कर्जाबद्दल सांगणे आमचे कर्तव्य आहे. १०,००० रुपयांचे कर्ज, हातात ९,०००, आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये, असा व्यवहार अनेक बाजारांत चालतो. हजारच तर जास्त गेले, असे वाटते. पण मुद्दल रोज फिटत जाते, म्हणजे सरासरी निम्मीच रक्कम आपल्याकडे राहते. नीट हिशेब केला तर हे व्याज वर्षाला शेकडा पाऊणशेच्या वर जाते. शेकडा वीस नफ्याच्या धंद्याने हे व्याज कसे फेडावे? ते फेडले जाते घरातल्या दुधातून आणि मुलांच्या फीतून.

तारीख, तिथी आणि पाऊस

२०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि मोबाईलवरून पैसे घेण्याची सोय टपरीपर्यंत पोहोचली. बहुतेकांना त्यातली एक गोष्ट माहीत नसते. प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि वेळ त्यात नोंदलेली असते. महिन्याचा तपशील काढून घरातल्या मुलीला तो मोबाईलच्या तक्त्यात मांडायला सांगावा. वार आणि तास यांप्रमाणे बेरीज केली की केशकर्तनालयाच्या मालकाला कळेल, कोणत्या वारी दुपारी दोन खुर्च्या रिकाम्या असतात आणि रविवारी कोणत्या वेळेला गिऱ्हाईक वाट पाहून निघून जाते. मदतनिसाची सुट्टी कोणत्या वारी द्यावी, हे मग आपोआप ठरते. मात्र रोख विक्रीही त्याच वहीत आली पाहिजे, नाहीतर अर्धेच चित्र दिसेल.

सणांचा हिशेब करताना एक खुबी आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर हे दिवस दरवर्षी त्याच तारखेला येतात. बुद्धपौर्णिमा आणि अशोक विजयादशमी मात्र तिथीप्रमाणे सरकतात. विजयादशमी २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. दीक्षाभूमीवर पुस्तके, कॅलेंडरे, मूर्ती किंवा पांढरी वस्त्रे घेऊन बसणाऱ्याने यंदाच्या ऑक्टोबरची तुलना गेल्या ऑक्टोबरशी करून चालत नाही. सोहळ्याच्या आधीचे तीन दिवस, मुख्य दिवस आणि नंतरचा दिवस, अशी दिवसवार नोंद ठेवून ती गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून पाहावी. कोणते पुस्तक दुपारीच संपले आणि कोणते गठ्ठ्याने परत न्यावे लागले, पाऊस होता की ऊन, हेही लिहावे. तीन वर्षांच्या अशा नोंदी ज्याच्याजवळ आहेत, त्याला छपाईची मागणी किती द्यावी हे कुणाला विचारावे लागत नाही.

'नाही'ची वही

विक्रीच्या आकड्यांत एक मोठी उणीव असते. जे विकले गेले तेवढेच त्यात दिसते. जे गिऱ्हाईक 'नाही' ऐकून परत गेले ते कुठेच दिसत नाही. म्हणून काउंटरवर एक छोटी वही टांगून ठेवावी. कुणी मागितले आणि आपल्याकडे नव्हते, की वस्तूचे नाव आणि तारीख लिहायची. महिन्याअखेर त्यात एकच नाव सात-आठ वेळा आले तर ती वस्तू आणावी. एकदाच आले तर सोडून द्यावे. या वहीला खर्च नाही, पण नवीन माल कोणता आणावा याचा तिच्याइतका चांगला सल्लागार दुसरा नाही.

बँक, सरकार आणि आपली वही

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. बँकेत गेल्यावर आपला शब्द चालत नाही, कागद चालतो. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत, 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत आणि 'तरुण' गटात १० लाखांपर्यंत कर्जाची तरतूद झाली. अर्जाबरोबर वर्षभराची मासिक विक्री, खर्च, उधारी आणि शिल्लक मालाचा तक्ता जोडला तर आपला धंदा किती हप्ता पेलू शकतो हे अधिकाऱ्याला दिसते. आपल्यालाही दिसते, हे त्याहून महत्त्वाचे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. लहान कारखानदाराने किंवा सेवा देणाऱ्याने मोठ्या कंपनीला काम करून दिले, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास व्याजही. पण कोणते बिल कधी दिले याची नोंद नसेल तर हक्क असूनही हात रिकामे राहतात.

जुलै २०२५ मध्ये बंगळूर आणि परिसरात जे घडले ते सर्वांनी लक्षात ठेवावे. यूपीआयने जमा झालेल्या रकमा पाहून कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने अनेक लहान दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. घाबरून कित्येकांनी क्यूआर कोडचे फलक काढून टाकले. वास्तविक भाजी, दूध यांसारख्या मालावर वस्तू व सेवा कर नाही, आणि खात्यात आलेली प्रत्येक रक्कम ही विक्री नसते. पुतण्याने पाठवलेले पैसे, भिशीची रक्कम हेही त्याच खात्यात येते. ज्याची वही तयार आहे तो हे दाखवू शकतो. ज्याची नाही त्याच्यापुढे भीती उरते. म्हणून धंद्याचे खाते आणि घरचे खाते वेगळे ठेवावे, हा पहिला नियम.

आकड्यांना देव करू नये

इतके सांगितल्यावर एक सावधगिरीही सांगावीशी वाटते. एका आठवड्याच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. निदान तीन महिने लिहावे. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे नाही. नवी पाटी लावली आणि विक्री वाढली, पण त्याच आठवड्यात पगार झाले होते, हे विसरू नये. एका वेळी एकच बदल करून पाहावा. आकडा 'किती' ते सांगतो, 'का' ते गिऱ्हाइकाशी बोलूनच कळते. आणि मोबाईलवर हिशेबाची साधने अनेक आहेत, पण फोनमधील सर्व नावे आणि छायाचित्रे मागून झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपपासून चार हात दूर राहावे.

आता सुरुवात कशी करावी ते सांगतो. शंभर पानी वही आणावी. रोज दुकान बंद करताना पाच ओळी लिहाव्यात : रोख विक्री, यूपीआय विक्री, आजची खरेदी व खर्च, दिलेली व वसूल झालेली उधारी, आणि घरासाठी गल्ल्यातून काढलेले पैसे. शेवटची ओळ कधीही चुकवू नये, कारण गळती बहुधा तिथेच असते. दर रविवारी सर्व कुटुंबाने अर्धा तास बसून बेरजा कराव्यात. बेरीज मुलांनी करावी, प्रश्न घरच्या बाईने विचारावेत, उत्तर दुकान चालवणाऱ्याने द्यावे. महिन्याअखेर एकच निर्णय घ्यावा, एकच बदल करावा आणि पुढच्या महिन्यात तो तपासावा.

ज्या वस्तीत दोन-चार दुकानदार असतील तिथे महिन्यातून एकदा बचत गटाच्या किंवा मंडळाच्या जागेत एकत्र बसून वह्या पडताळण्याचा उपक्रम सुरू करता येईल. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुला-मुलींनी त्यात पुढाकार घ्यावा. पुस्तकात शिकलेला ताळेबंद शेजारच्या काकूंच्या पोळी-भाजी केंद्राला उपयोगी पडला, तर त्या शिक्षणाचे चीज होईल. दुकान उघडायला भांडवल लागते, हे आपल्याला पटले आहे. ते टिकवायला वही लागते, हेही आता पटवून घेऊ या. येत्या रविवारी पहिले पान लिहावे.